सुनीलच्या मनगटावरचा दोरा

१४ जाने., मंगळ
संक्रांत. शेजारी मेधाकडे हळदीकुंकू. दरवर्षी जाते, कुंकू लावून घेत नाही. मेधाला ते सवयीचं झालंय, ती नुसता तिळगूळ देते. यंदा तिच्या सासूबाई, माई, पुण्याहून इकडे परदेशी आल्यात. करंडा घेऊन पुढे आल्या. म्हटलं, "माई, आम्ही ख्रिस्ती. आमच्यात नाही लावत."
"अगं, नवऱ्याचं ऑपरेशन परवावर आलंय, आणि कुंकवाला नाही म्हणतेस?"
रागावल्या नव्हत्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. घरी येऊन मी पण रडले.

१५, बुध
सुनीलला अ‍ॅडमिट केलं. डोक्यातली गाठ एका फेरीत निघणार नाही म्हणे, दोनदा उघडावं लागेल. संध्याकाळी मेधा माईंना घेऊन आली. मी खाली चहा आणायला गेले, तेवढ्यात माईंनी सु.च्या मनगटाला देवीचा लाल दोरा बांधला. परत आले तर तो डोळे मिटून पडलेला, माई हात जोडून पुटपुटतायत. मनातल्या मनात उद्या सोडू म्हटलं.

१६, गुरु
सोडला नाही.
थिएटरच्या दाराशी नर्सने यादी वाचली. दात, अंगठी, चष्मा. मग तिला दोरा दिसला. "इज इट रिलिजस, माय लव्ह? वी कॅन टेप ओव्हर इट." आमचा नाही, कापून टाका, एवढंच म्हणायचं होतं. सु. माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "यस. लीव्ह इट."
कुणी तलवार घेऊन उभं नव्हतं. एक प्रेमळ बाई टेपचा रोल घेऊन उभी होती. तिच्यापुढे गळपटले.

१७, शुक्र
शुद्धीवर आला. मला ओळखलं. प्रभूचे आभार मानायला बसले तर शब्द येईनात. कोणत्या तोंडाने मानू? माईंचा फोन: "बघ, आली की नाही आई धावून!" मी नुसतं हो हो केलं.

१९, रवि
रीडिंग गावातल्या चर्चमध्ये मराठी उपासना. संडेस्कूलला गोष्ट नेमकी बाबेलातल्या त्या तिघांची. राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत म्हणून भट्टीत टाकले, आणि देवाने वाचवलं. शिकवायच्या पाळ्यांचा रोटा मीच लावलेला. एस्तेर, आठ वर्षांची, जन्म इथलाच, विचारते, "आंटी, देव आला नसता तर? दे वुड जस्ट बर्न? तरी पण ते नाही बोलणार होता?"
"हो, तरीही."
"तू पण?"
म्हटलं, चला, क्रेयॉन काढा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.
पप्पा आठवले. नगरला शेजारचा प्रसाद आला की हात जोडून "आमच्यात चालत नाही" म्हणायचे, आणि त्याच शेजाऱ्याकडे कुणी आजारी पडलं की सगळ्यात आधी धावायचे. त्यांना कसं जमायचं हे?

२५, शनि
सु. घरी. दुसरं ऑपरेशन ३१ला. अंग पुसताना दोऱ्याचा रंग माझ्या बोटांना लागला. कात्री आणली तर त्याने हात मागे घेतला.
"राहू दे."
"अरे, आपला नाही तो."
"तूच नर्सला ठेवा म्हणालीस ना? म्हटलं, रूथ म्हणते म्हणजे चालत असेल."
आमच्या घरी प्रार्थना मी सुरू करते, तो आमेन म्हणतो. वीस वर्षं असंच. आता हेही माझ्याच मागून शिकला. मी काय करून बसले!

३०, गुरु
उद्या. दुपारी त्याला खरं सांगून टाकलं. "घाबरले होते रे. दोरा काढला आणि तुला काही झालं, तर तो काढल्यामुळेच झालं असं मलाच वाटलं असतं."
त्याने मनगटावरचा दोरा बोटाने फिरवला. मग, "आता गेली भीती?"
नाही म्हटलं. अजून किती खोटं बोलू?
"माझीही नाही गेली."
हात धरून प्रार्थना केली. दोरा माझ्या तळव्याला लागत होता. शब्द आज आले, थोडेच, पण आले. सु.ने आमेन म्हटलं.
बॅग भरली. कात्री तिच्याच वरच्या कप्प्यात ठेवलीय. सकाळी टॅक्सी. नर्स पुन्हा यादी वाचेल. दात, अंगठी, चष्मा.
सु. म्हणाला, "विचारलं की तूच बोल. मी तुझ्याकडे बघत असेन."