कामटीची धार

काटिबास नदी, १४ ऑगस्ट

न्याउनदादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. यंदा दुरियानची फळं भरपूर लागलीत, मिरीचे वेलही बरे आहेत. छोटी बोलायला लागली का?

तुझा निरोप पोचला. बाबांचा हात चालत नाही असं तू ऐकलंस, म्हणून त्यांची शिकारी कुत्री कुणाला तरी देऊन त्यांना तुझ्याकडे बिंतुलूला न्यायला येतोयस. निरोप ऐकला आणि बाबा सदऱ्यांच्या घड्या घालू लागले.

दादा, त्यांचे हात ठीक आहेत.

गेल्या महिन्यात एक दिवस बाबांनी हट्टानं मला शिकारीला नेलं. बाईमाणूस म्हणून बाकीचे कुरकुरत होते. खळाळात होडी उलटली, कोयते बुडाले. बाबांनी बंदूक तेवढी सोडली नाही. वर डोंगरात आम्ही दोघंच होतो, तिथं त्यांनी रानडुक्कर पाडलं. मग दगडानं बांबू फोडून धारदार कामटी काढली आणि पोट फाडायला माझ्या हातात दिली.

"धार वर. बोटांनी आतडी खाली दाब, मग सरकव. घाई नको, बाई."

मी घाई केली. आतडं फुटलं, घाण मांसावर पसरली. धुवायला पाणी जवळ नव्हतं.

आपल्या लांबघराच्या सामाईक ओसरीवर मांसाचे वाटे घालताना वास सुटला. जिंबाउकाकांनी नाक दाबलं. "पोट कुणी फाडलं हे?"

"माझा हात चळला," बाबा म्हणाले.

"म्हाताऱ्या, आता कोंबड्याच सोल तू!"

सगळे हसले. मी बोलणारच होते, असं लिहिणार होते. खोटं आहे ते. मी चटईकडे बघत बसले.

नंतर बाबा म्हणाले, "तुला हसले तर पुन्हा नेणार नाहीत. मला हसू देत." मी तेही मुकाट ऐकून घेतलं. पुरुष त्यांना न बोलवता शिकारीला जाऊ लागले, तरी गप्पच.

त्या घड्या मात्र बघवेनात. काल ओसरीवर सगळ्यांसमोर सांगितलं, आतडं मी फोडलं होतं. कुणी हसलं नाही. जिंबाउकाका एवढंच म्हणाले, "मग इतके दिवस तोंडात काय धरलं होतंस?"

बाबा उठून आत गेले.

आज पहाटे काकांनी दाराशी येऊन त्यांना शिकारीसाठी हाक मारली. बाबा कुत्री घेऊन निघाले. मला 'येतेस का' म्हणाले नाहीत.

त्यांना न्यायला येऊ नकोस, दादा. भेटायला ये.

लोकांना बापावर हसू दिलं ती,
तुझी लुन्सा