गुप्त पथकात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

बुलढाणा,
४ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
प्रेरणाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. बाबा फोन स्पीकरवर लावतात आणि अर्धी गल्ली ऐकते, म्हणून लिहिते आहे.

शेजारच्या राजकुमारदादाने वरवट बकालच्या स्टँडवर माझं बॅनर लावलंय. हार, माझा कॉलेजचा फोटो आणि खाली ‘गुप्त पथकात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. आई, गुप्त! घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्हाला कौतुक आहे, कळतं. पण गुप्त!

आता सांगतेच. पोटात मुलगा की मुलगी हे चोरून तपासणाऱ्यांना पकडायचं आमचं काम. पिंपळगाव राजात एका घरात तसं मशीन आहे. बेबीताई नावाची बाई तिथे गिऱ्हाईक नेते. तीन महिने मी ‘पुष्पा’ बनून, भावजयीसाठी विचारते असं सांगून, तिचा विश्वास मिळवला. भावजय व्हायला अंगणवाडीच्या संजीवनीताई तयार होत्या, स्वतः पाच महिन्यांच्या गरोदर. अशी बाई पुन्हा कुठून आणू? काल बेबीताईचा फोन आला. ‘बॅनरवर हारात लई साजरी दिसतं’ म्हणाली आणि ठेवून दिला. साहेब म्हणतात, फाइल बंद करा. मशीन तिथेच चालू राहणार.

बॅनर आजच उतरव. लोभ असू दे, रागही समजून घे.

तुझी,
प्रेरणा


वरवट बकाल,
९ ऑगस्ट

चि. प्रेरणास,
आईचे अनेक आशीर्वाद.

बॅनर उतरवून बकऱ्यांच्या खोप्यावर टाकलं. तुह्या तोंडावर पाणी पडून राह्यलं, वाईट नोको मानू. जेवत जाय.

तुह्यी बेबीताई परवा पत्ता विचारत घरीच आली. मी चहा ठेवला. पोरगी पोलिसात आहे का, म्हणे. मी म्हटलं, बाई, राजकुमारच्या बॅनरवर काऊन जाता? मागच्या साली त्यानं सोताले भावी आमदार छापलं, अन् ग्रामपंचायतीत अठरा मतं पडली. पोरगी कपड्याच्या दुकानात आहे, घरी पुष्पा, शाळेत प्रेरणा. बेबीताई इतकी हसली का चहा सांडला. तिच्या भावाचंबी असंच एक बॅनर लागलं आहे म्हणे.

मंग मी रडगाणं लावलं. पोरगा गोकुळ सुरतले कामाले, त्याले दोन पोरी झाल्या, सून पुन्हा तशीच. ती म्हणे, शिकलेल्या नणंदेचा भरोसा नाही, सासूनं यावं. मी हाव म्हटलं. वीस तारीख, बुधवार. संजीवनीले धाड. साहेब नाही म्हणले तरी मी जातो.

सांभाळून राह्य.

तुह्यी आई,
मनकर्णाबाई


बुलढाणा,
२३ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

साहेब हो म्हणाले म्हणून. नाहीतर तू खरंच गेली असतीस! मशीन जप्त झालं, डॉक्टर आणि बेबीताई ताब्यात आहेत. मला आनंद व्हायला हवा. पण तीन महिने माझे, आणि त्या दिवशी मी दोन गल्ल्या पलीकडे गाडीत काच बंद करून बसलेले. अहवालात तू ‘एक वयस्क महिला’ आहेस. मी कुठेच नाही. उलट बॅनरबद्दल माझ्याकडेच लेखी खुलासा मागितलाय. तीनदा लिहून फाडला.

एक विचारायचं होतं. तिथे बाकावर बसून तू काहीतरी बोललीस आणि संजीवनीताई खरंच रडल्या. बेबीताईची उरलेली शंका तेव्हाच गेली, असं त्या सांगतात. काय बोललीस ते मात्र सांगत नाहीत, आईलाच विचार म्हणतात.

उत्तराची वाट बघते. माया कमी करू नकोस.

प्रेरणा


वरवट बकाल,
२९ ऑगस्ट

चि. प्रेरणास,
आशीर्वाद.

ते बोल तुह्या आजीचे होते. तू पोटात होतीस तवा अशाच एका बाकावर आम्ही बसलो होतो. पोरगी निघाली तं घरी आणू नोको, इथंच मोकळी होय, असं म्हणल्या. चोवीस वर्सं झाली, एक अक्षर विसरली नाही. आतून माह्या नावाचा पुकारा झाला अन् मी चपला हातात घेऊन माहेरच्या एसटीत बसली.

खुलाशात हे लिहू नोको. तुह्या बाबालेबी मालूम नाही.

राजकुमार नवीन बॅनर छापू का म्हणे. मी नाही म्हटलं. जुनंच पालथं करून टाकलं. आता तुह्यं तोंड आतल्या अंगानं आहे, कोरडं. दूध काढताना रोज पाहतो.

तुह्यी आई