पुण्यातलं खुराडं

आई, पुण्यातलं माझं घर विकलं. तुला ते ठाऊक असायचं कारण नाही. तू गेलीस तेव्हा शिनोलीत विजेचे खांबसुद्धा आले नव्हते, आणि तुझी लेक शहरात घराची मालकीण होईल असं कुणी म्हटलं असतं तर तू त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असतास. मी सांगते आहे आणि माझ्या धाकट्या लेकाची पोरगी लिहिते आहे. मी ‘व्हतं’ म्हटलं की ती ‘होतं’ लिहिते. लिहू दे, कॉलेजात जाते ती; कुणाचं बोलणं सांगितलं तर तेवढं जसंच्या तसं ठेवते.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर एक बेडरूम, एक बसायची खोली, स्वयंपाकघर, आणि दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढी गॅलरी. थोरल्यानं नोकरीत जम बसल्यावर घेतलं आणि माझ्या नावावर केलं. भाग असा शांत, की तिथली कुत्रीसुद्धा स्वेटर घालून, न भुंकता फिरायची. खाली जिन्यापाशी सोसायटीची पाटी, सगळ्या घरवाल्यांच्या नावांची. मला वाचता येत नाही, पण खालून तिसरी ओळ माझी, हे मी पक्कं धरून ठेवलं होतं. भाजी घेऊन वर जाताना पदरानं तेवढीच ओळ पुसायची, बाकीच्यांची धूळ त्यांची त्यांना. मग थोरल्याची नागपूरला बदली झाली. तो बायकोपोरांना घेऊन गेला. मला चल म्हणाला, तर मी म्हटलं, बंद घराला वाळवी लागते, मी राहते. आठ वर्षं राहिले.

आता तुझा गुन्हा सांगते. मी नऊ-दहा वर्षांची असेन. घोडेगावचे पाहुणे आलेत, तू चुलीपुढं फुंकणीनं फुंकते आहेस, धुरानं तुझे डोळे लाल झालेत, आणि मी पाहुण्यांना हौसेनं सांगते की आमची म्हैस बादली भरून दूध देते. तू उठलीस, येताजाता माझ्या कुशीला असा चिमटा काढलास की मी तिथंच गप्प झाले. पाहुणे गेल्यावर म्हणालीस, “आपल्या चांगल्याला आपुन चांगलं म्हनायचं नसतं गं. मरतुकडी हाय म्हनायचं. कुनाची नदर लागत न्हाई.” दुसऱ्या दिवशी म्हशीनं लाथ झाडली, चार दिवस थेंब दिला नाही, आणि चार दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. तेव्हापासून माझ्या कुठल्याच चांगल्या वस्तूला मी चांगलं म्हटलेलं नाही. थोरला जन्मला तेव्हा गोरापान, बाळसेदार, आणि मी आल्यागेल्याला सांगायची की पोरगं रोडकं आहे. तू तरी काय केलंस? माझ्या लग्नात भाकरीच्या पिठाची काठवट दिलीस आणि चारचौघींत म्हणालीस, “चीर गेलेली हाय, चालव कशीबशी.”

तर फ्लॅटलाही मी खुराडंच म्हणत आले. थोरल्याचा रविवारी फोन यायचा. काय चाललंय, म्हणायचा. मी म्हणायची, काय चालणार या खुराड्यात, शेजारणीचं तोंड दिवाळीला दिसतं, ओट्यापाशी उभं राहून पाय मोडतात, पाणी मचूळ आहे. खरं सांगायचं तर पाणी गोड होतं. पण सगळं ठीक आहे म्हटलं की पोरगं लगेच फोन ठेवायचं, आणि तक्रार केली की समजूत काढत बसायचं. आठवड्यातलं माझं तेवढंच बोलणं. बाकी सहा दिवस मी तुझ्या काठवटीशी बोलायची.

त्यानं ते सगळं खरं धरलं, आई. गेल्या वर्षी मुद्दाम रजा काढून आला आणि म्हणाला, “तुझं मन कधी रमलंच न्हाई हितं. लई सोसलंस माझ्यासाठी. इकून टाकू आता हे. अवसरीला धाकट्याकडं मोकळ्या अंगणात राहा.” त्याच्या तोंडावर असा आनंद, की मला मोठी भेटच देतोय. अंगठा माझा होता, नको म्हणता आलं असतं. पण आठ वर्षं खोटं सांगत आले, हे लेकराला कुठल्या तोंडानं सांगायचं?

घर बघायला एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. थोरल्यानं मला आधीच बजावलं होतं, आज तरी नावं ठेवू नको. तो गॅलरीत उभा होता, दार उघडं होतं. ती पोरगी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली आणि मला विचारलं, “आजी, करमतं का इथे?”

मी म्हटलं, “करमतं. सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं, भाकरी थापताना हातावर पडतं. धूर न्हाई, डोळ्याला पानी न्हाई. दुपारी एवढं गप असतं की खालच्या बदामाचं पान पडलेलं ऐकू येतं. आन् दाराची किल्ली माझ्या कमरेला असते. बापाच्या घरात नव्हती, सासऱ्याच्या घरात नव्हती.” आवाज जरा मोठाच काढला, गॅलरीत जावा म्हणून.

त्या पोरीनं नवऱ्याकडं बघितलं आणि घर तिथंच ठरलं. ती दोघं जिना उतरल्यावर थोरला हसत आत आला. “आई, तू तर दलालाच्या वरताण निघालीस,” म्हणाला.

मीही हसले.

कचेरीत अंगठा दिला. निघायच्या दिवशी खाली पाटीवर रंगारी काम करत होता, खालून तिसऱ्या ओळीवर पांढरा हात मारलेला. रंग ओला होता, म्हणून ओळ पुसली नाही.

इथं अवसरीत काही कमी नाही. अंगण आहे, ट्रॅक्टर आहे, संध्याकाळी टीव्हीपुढं घरभर माणसं असतात. सून ताट हातात आणून देते, चुलीकडं फिरकू देत नाही. रविवारी थोरल्याचा फोन येतो. आई बरी आहे ना, असं तो धाकट्याला विचारतो, धाकटा बरी आहे म्हणतो, आणि फोन ठेवतात. आता माझी तक्रार कसली?

ते घर आता दुसऱ्याचं आहे, त्याला माझी नजर लागायची नाही, म्हणून सांगते. घर चांगलं होतं, आई. लई चांगलं व्हतं. हे नातीला तसंच लिहायला लावलंय.

ती विचारते, हे काकांना पाठवू का? नको म्हटलं. घडी करून काठवटीखाली ठेव. तुला म्हणून सांगते, आई, ती काठवट मी अजून कधीमधी उजेडात नेऊन उलटीपालटी करून बघते. चीर मला सापडलेली नाही.