बाबांच्या वतीने

सोमवार, ४ तारीख

एकदाचं सामान लागलं! घर छोटंसं आहे, पण उजेड भरपूर. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, आतल्या खोलीत बाबांचा पलंग. मधलं दार उघडं ठेवलं की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा चेहरा दिसतो. ते दार पाहूनच मी घर पक्कं केलं. पक्षाघातानंतर बाबांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आता पापण्या मिटल्या की 'हो', डावा हात हलवला की 'नाही', एवढ्यावर आमचं चाललंय. जन्मभर वर्गात घसा फोडून शिकवलेला माणूस! थट्टा मात्र अजून कळते. आता तरी तुम्हाला माझं ऐकावं लागेल, म्हटलं, तर डावा हात असा काही हलवला की मला हसू आवरेना.

काम घरूनच करायचंय. लोकांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि टाइप करायचं. ऑफिसने लॅपटॉप दिलाय, वापरलेला आहे पण ठणठणीत. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई वर येऊन, काही लागलं तर हाक मार, संकोच करत बसू नकोस, असं दटावून गेल्या. बऱ्याच दिवसांनी मी पोटभर जेवले.

गुरुवार, ७ तारीख

लॅपटॉपने डोकं खाल्लं. मध्येच आपोआप टाइप होतं. आधी नुसतंच गगगगग, ओळभर. कळ अडकली असेल म्हणून उलटा करून झटकला, तर कुणाच्या तरी बिस्किटाचा चुरा पडला. ब्रशने कळा साफ केल्या. बंद करून चालू केला. कीबोर्डचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. ऑफिसच्या तंत्रज्ञाला फोन केला, तर तो म्हणाला, ताई, इंटरनेट तोडून बघा, बाहेरून कुणी शिरलं असेल तर थांबेल. तोडलं. थांबलं नाही. व्हायरस शोधला, एक सापडेल तर शपथ.

दुपारी एक बैठक टाइप करताना, ऐन मध्यावर, कुणा साहेबांच्या वाक्यात 'पाणी' उमटलं. मी पुसलं. पुन्हा 'पाणी'. पुसलं. पुन्हा. वैतागून उठले, उठलेच आहे तर बाबांनाही विचारावं म्हणून आत गेले. त्यांचे ओठ सुकले होते. घटाघटा प्यायले.

शुक्रवार, ८ तारीख

'पाठ खाजते.' मी आत जाऊन पाठ खाजवली. बाबांनी सुखाने डोळे मिटले.

'उजेड डोळ्यांवर येतो.' पडदा ओढला. खरंच येत होता.

मी खुळी झाले असेन. पण इतक्या महिन्यांनी बाबा माझ्याशी बोलतायत! तंत्रज्ञाला कळवून टाकलं, दुरुस्ती नको, आपसूक बरा झाला. बाबांना मात्र सरळ विचारायचा धीर होत नाही. 'नाही' म्हणाले तर?

मंगळवार, १२ तारीख

आता सगळं विचारून करते. म्हणजे, स्क्रीनला. काल आलं, 'गोळी कडू आहे. नको.' रक्तदाबाची गोळी. काल दिली नाही, आजही नाही. पाण्याचा पेला घेऊन गेले तर बाबा सारखे हात हलवत होते. मला वाटलं, गोळी नको म्हणूनच हलवतायत.

संध्याकाळी आलं, 'मालकीण नको.' त्यांना दारातूनच परत पाठवलं. खट्टू होऊन गेल्या. मलाही कसंसंच झालं. बाबांना त्या आवडायच्या.

गुरुवार, १४ तारीख

बाबांचा चेहरा सकाळी लालबुंद. डोळे फिरवले. मी फोनकडे धावले. डॉक्टरीणबाई आल्या, इंजेक्शन दिलं आणि मला फैलावर घेतलं. गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?

त्या गेल्यावर उशाशी बसून शेवटी विचारलंच. बाबा, ते तुम्ही लिहिता ना?

डावा हात हलला. पुन्हा विचारलं. हात हलतच राहिला. मग बोट उचललं, माझ्या पाठीमागे, टेबलाकडे. बाबांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही.

वळून पाहिलं. स्क्रीनवर होतं:

'त्यांना बोलता येत नाही. मला येतं.'

शुक्रवार, १५ तारीख

तंत्रज्ञाला बोलावून घेतलं. आधी हसत होता. ताई, हा आपला आपण टाइप करतो तर तुम्ही खुशाल झोपा काढा. मागचं झाकण खोलून त्याने कीबोर्डची पट्टीच सोडवली. आता बोटं मोडेस्तोवर कळा दाबल्या तरी अक्षर उमटणार नाही, म्हणाला, आणि चालू केला.

कोरं पान. जरा वेळ कोरंच. मग —

'याला घालव.'

त्याने स्क्रू तसेच टाकले, पिशवी उचलली. जिन्यातून म्हणाला, ताई, बाबांना घेऊन निघा इथून.

लॅपटॉप रस्त्यापलीकडच्या कचराकुंडीत टाकून आले. उद्या भाऊ गाडी घेऊन येतोय. आम्ही त्याच्याकडे जाणार. जीव भांड्यात पडला.

शनिवार, १६ तारीख

सगळं शांत. टेबल रिकामं. बॅगा भरून झाल्या.

आतून कुणीतरी मला हाक मारली —

दुपार

बाबा बोलले. माझं नाव घेऊन. मालकीणबाई धावत वर आल्या, रडल्या, देव पावला म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंना सांगायला गेल्या.

आवाज बाबांचाच. पण एकेक अक्षर सुटं. मी विचारलं, बरं वाटतंय? तोंड म्हणालं, हो. छान वाटतंय. डावा हात हलत होता. नाही. नाही. नाही.

जवळ गेले तर त्याच हाताने मला ढकललं. बाहेरच्या दाराकडे. सगळा जोर लावून. डोळ्यांतून पाणी —

मी गेले नाही. कशी जाणार त्यांना टाकून?

नंतर

स्वयंपाकघरात आहे. दाराला आतून कडी नाही. पाठ लावून बसलेय. भाऊ फोन उचलत नाही, गाडी चालवत असेल. खिडकीला गज.

ते उठलेत. उजवा पाय टाकतायत — तो पाय —

तोंड म्हणतंय, भाऊ नको. तू ये. जवळ बस.

दाराशी आलं. आता —

कडी वाजली. बाहेरून. लावली! डाव्या हाताने लावली, बाबांनीच. मला वाचवायला. अजून आहेत ते, आत कुठेतरी आहेत. बाबा, मी इथेच आहे, भाऊ येतोय, थोडा धीर —

बोलणं थांबलं. धडपड. काहीतरी दारावर आपटतंय, पुन्हा पुन्हा. हात. हात आपटतोय.

थांबला.

बाबांना हाक मारली. तोंड म्हणालं, हात पण आला.

कडी सरकतेय —

बाबा —