तहसीनने कापलेली माझी कथा

४ फेब्रुवारी
मालेगावहून परत. संताप, संताप, संताप.

नोंद नीट राहावी म्हणून शांतपणे लिहिते. तहसीन अन्सारी ही माझी खूप वर्षांची मैत्रीण. ती उर्दूत कथा लिहिते, मी मराठीत. ती उर्दू शाळेत शिकवायची, मी कॉलेजात मराठी. दोघीही आता रिटायर्ड. मला उर्दू वाचता येत नाही, तिला मराठी उत्तम येतं. आमची पद्धत ठरलेली आहे. गंगापूर रोडच्या माझ्या घरी, जेवणाच्या टेबलाशी ती तिची कथा मोठ्याने वाचते आणि मी ती ऐकत ऐकत मराठीत उतरवते. माझ्या कथा मात्र ती घरी नेते आणि उर्दूत करून छापायला पाठवते. मी विश्वासाने देते. विश्वासाने!

माझी ‘कातरवेळचे कढ’ तिकडच्या उर्दू मासिकात आली म्हणून आज मालेगावला सत्कार होता. शाल दिली. मग एक म्हातारे मास्तर उठले आणि म्हणाले, मॅडम, कमाल कर दी आपने. औरत दरवाजे को ताला लगाती है, एसटी का टिकट लेती है, और कहानी खतम.

माझ्या कथेतली वसुधा तिकीट काढत नाही! ती गोदाकाठी बसते, स्त्रीजन्माविषयी नऊ पानं चिंतन करते आणि घरी परत जाते. नवरा चहा करून देतो. तो चहा म्हणजे कथेचा प्राण आहे.

येताना गाडीत जाब विचारला. तहसीन म्हणाली, थोडी छोटी केली. थोडी म्हणजे? सव्वीस पानांची अकरा! चांदवड ते पिंपळगाव मी एक शब्द बोलले नाही. पिंपळगावला तिने उतरून द्राक्षं घेतली आणि अर्धी माझ्या पिशवीत घातली. ती मी तोंडात घालणार नाही.

५ फेब्रुवारी, सकाळी
द्राक्षं खाल्ली. अन्नावर राग कशाला.

निर्णय झाला आहे. महिन्याभरात उर्दू लिपी शिकायची. ती अकरा पानं स्वतः वाचायची आणि तिच्यासमोर बसून एकेका वाक्याचा जाब विचारायचा. तोवर बोलणं बंद, फोनही घ्यायचा नाही. एम. ए.ला मी विद्यापीठात पहिली होते. लिपी म्हणजे काय मोठंसं.

९ फेब्रुवारी
यूट्यूबवर अलिफ, बे, पे. सगळ्या अक्षरांचं अंग एकच, फरक फक्त ठिपक्यांचा. शिवाय शब्दात शिरलं की प्रत्येक अक्षर रूप बदलतं. हा काय चावटपणा? प्रगती चांगली आहे. चष्म्याचा नंबर तेवढा बदलला असावा.

१३ फेब्रुवारी
तहसीनचे फोनवर फोन. घेतले नाहीत. शेवटी तिने ढुंढिराजला केला. माझा नवरा अर्धा तास तिच्याशी बोलत होता. हसतही होता! काय म्हणाली, असं मी अर्थातच विचारलं नाही. मग विचारलं. म्हणाला, रमजान तोंडावर आलाय, चांगला खजूर कुठे मिळतो ते सांगत होती. माझं नाव नाही, कथेचं नाव नाही. खजूर!

१६ फेब्रुवारी
आज जेवताना ढुंढिराज म्हणाला, तू पण तिच्या गोष्टीत ढवळाढवळ करतेसच की. मी ताटावरून उठले. (नंतर दहीभात घेतला.)

ढवळाढवळ! कुठे तिची काटछाट आणि कुठे मी घातलेली मोलाची भर. तहसीनची ‘करवट’ घ्या. लेक आईच्या मर्जीविरुद्ध शिकली, मास्तरीण झाली, तेव्हापासून आई तिच्याशी बोलत नाही. आई अखेरच्या आजारात, लेक भेटायला जाते. आई भिंतीकडे कूस वळवते. संपली कथा! इतकी कोरडी? मराठी वाचकाला असं दारातून परत पाठवायचं? मी शेवटी आईला पुन्हा कूस बदलायला लावली. तिने लेकीच्या डोक्यावर थरथरता हात ठेवला, खिडकीतून कोवळं ऊन आत आलं. शीर्षकही दिलं, ‘मायेची ऊब’. गेल्या दिवाळी अंकात ती छापून आली, तेव्हा शेजारच्या अंजलीला रडू आवरेना. तहसीनने छापील कथा माझ्यासमोर वाचली, अंक मिटला आणि चहात साखर कमी आहे म्हणाली. भारावली होती.

२० फेब्रुवारी
पुण्याच्या एका संपादकांचा फोन. माझ्या कथेचं खूप कौतुक केलं, त्यांना अनुवाद विशेषांकात घ्यायची आहे. कोणीतरी त्यांना उर्दूतून वाचून दाखवली म्हणे. मी सांगितलं, मूळ मराठीच आहे, आत्ता मेल करते. ते म्हणाले, ती नको. ती आपण पाठवली होती, आम्ही परत केली होती. ही हवी. तहसीनबाईंकडून मराठीत करून घ्या, तीन मार्चपर्यंत.

माझी कथा! माझ्या भाषेत! दुसरीकडून करून घ्यायची! अंगाची लाही लाही झाली. हो म्हणून टाकलं.

२२ फेब्रुवारी
तहसीनची गरजच काय? माझी कथा मीच कापणार. सकाळी सातला बसले. चिंतन आटोपशीर करताना काही सुंदर विचार नव्याने सुचले, ते घातले. संध्याकाळी पानं मोजली. एकतीस.

२५ फेब्रुवारी
उर्दू मासिक उघडलं. दुपारभर अक्षराला अक्षर लावून पहिली ओळ वाचली. जिद्द म्हणतात ती ही. ढुंढिराजने मोबाइलवर भाषांतर करून पाहिलं, तर ती एका डेअरीची जाहिरात निघाली. माझी कथा मागच्या पानावर होती.

हसू आवरत नव्हतं त्याला. माणसाने किती खालच्या पातळीला जावं.

१ मार्च
तहसीनकडे गेले. विनंती करायला नाही, खडसवायला. वाक्यं रिक्षातच तयार केली होती.

दार उघडून तिने आत घेतलं. मी रागात असल्यामुळे पाणी मागितलं. तिने चहाही केला. माझा पिऊन झाल्यावर लक्षात आलं, की तिचा रोजा आहे. पण ते तिने आधी सांगायला हवं होतं.

संपादकांचं सांगितलं. ती हसली नाही, टोमणा नाही. मासिक काढलं, चष्मा लावला, म्हणाली, लिही. तिने वाचलं, मी उतरवलं. माझी कथा! वसुधाने कुलूप लावलं, तिथे मी ओघात लिहिलं, ‘तिच्या पापण्यांच्या कडा ओलावल्या.’ तहसीनने वाचणं थांबवलं. म्हणाली, खोड ते. मी म्हटलं, कथा माझी आहे. ती म्हणाली, हो, म्हणून तर खोड.

मग भडकलेच. म्हटलं, मी तुझ्या कथांना इतकं दिलं, तू माझं नुसतं काढून घेतलंस.

तिने चष्मा काढून मासिकावर ठेवला. मग म्हणाली, सुमेधा, माझी मोठी बहीण, आपा, धुळ्याला असते. अम्मी गेली तेव्हा ती पोहोचली नव्हती. तिच्या नातीने तिला तुझी ‘मायेची ऊब’ वाचून दाखवली. त्यातलं घर आमचं, पलंग आमचा, अम्मीची कफ सिरपची बाटलीसुद्धा आमची. आपाने रडत फोन केला. म्हणाली, पगली, अम्मीने तुला माफ केलं होतं हे इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस? मी आता सुखाने मरेन.

अम्मीने मला माफ नव्हतं केलं, तहसीन म्हणाली. मी दोन तास उभी होते. तिने तोंड फिरवलं ते फिरवलंच.

रिक्षातली वाक्यं एकही आठवेना. म्हटलं, मग तू आपाला काय सांगितलंस? ती म्हणाली, काय सांगणार? हो म्हटलं.

अजान झाली. तिने खजूर माझ्यापुढे केला, मग स्वतः घेतला. नंतर उरलेली तीन पानं पूर्ण केली. मी काही घातलं नाही.

३ मार्च
कथा पाठवली. अनुवादक म्हणून तहसीनचं नाव घातलं. संपादकांचं लगेच उत्तर, शेवट अप्रतिम.

लिहिणार होते, की म्हणजे ‘मायेची ऊब’चा माझा शेवटही कुणाच्या तरी उपयोगी पडलाच. अर्धं वाक्य लिहून खोडलं. राग शोधत बसले होते सकाळपासून. कुणावर धरायचा ते ठरेना.

दुपारी मीच फोन केला. म्हटलं, ‘करवट’ पुन्हा करू, तू लिहिलीस तशीच. माझ्या खर्चाने छापू, खुलासाही देते. तहसीन म्हणाली, आपा आहे तोवर राहू दे तुझीच.

मी विचारलं, आपाची तब्येत कशी आहे? म्हणाली, ठणठणीत. नातीला रोज दोघा-चौघांना ती गोष्ट वाचून दाखवायला लावते.