दादाचं देहदान

११ नोव्हेंबर २००६
दादाला जाऊन तीन दिवस झाले. कशेळीच्या गोदामात फोन करून सुट्टी वाढवून घेतली. घरात माणसं बसलेली. कुणाशी बोलवत नाही.
देहदानाचा फॉर्म माझ्या बॅगेत आहे. साक्षीदार म्हणून सही माझी. ‘तुझ्या वहिनीला तूच सांग, मला जमणार नाही,’ असं दादा म्हणाला होता. दोन वर्षांत सांगितलं नाही.

१२ नोव्हें.
त्या दिवशीचं लिहून टाकतो. दादा सकाळी गेला. मेडिकल कॉलेजचा नंबर काढला, मोबाइल हातात होता. तेवढ्यात काका आले. “भरतीच्या आदी मास्तरला न्यायला पायजे. मंग मसनाची वाट पान्यात जाते.” आई रडत होती. मी ‘हो’ म्हणालो. एवढंच.
पुढचा खांदा मीच दिला.

१३ नोव्हें.
आज शाळा उघडली. दादाच्या तासाला कुणाला पाठवलं असेल?
शोध पुस्तकात असतात, म्हणायचा, पण माणूस त्यापायी का झिजला ते मास्तरनेच सांगायचं. रक्त अंगात कसं फिरतं ते शोधणारा त्याचा लाडका. त्याने म्हणे मेलेल्या बापाचं नि बहिणीचं शरीर स्वतः उघडून पाहिलं. मी म्हणालो, “दगड होता का तो?”
“रडला असेल रे. पण बघायचं सोडलं नाही. तू पण खुशाल रड. आधी फोन लाव.”
रडलो फक्त.

१७ नोव्हें.
दहावा. खाडीवर पिंड ठेवून मागे सरलो नाही तोच कावळा शिवला. काका म्हणाले, “बघ, मास्तरची कायपन इच्छा ऱ्हायली न्हाय.” सगळ्यांना बरं वाटलं. मला तिथे उभं राहवेना.

२१ नोव्हें.
शाळेत शोकसभा. वहिनी नि मी गेलो. शिक्षक बोलले. मग नववीतली पाड्यावरची एक मुलगी उठली. “सर सांगायचं, मी मेल्यावर पन शिकवनार, डॉक्टर होनाऱ्या पोरांना. काका, सर कुठल्या कॉलेजात हायत? आमाला बघायला देतील?”
वहिनी माझ्याकडे बघायला लागली.
‘चौकशी करून सांगतो,’ म्हणालो. चौकशी!

२२ नोव्हें.
चहा देताना वहिनी म्हणाली, “भावोजी, ती पोर काय म्हणत होती?”
“दादा गमतीत बोलला असेल.”
“मुलांशी ते असली गंमत करत नव्हते.”
आई आली, मी उठलो.

२४ नोव्हें.
शाळा सुटल्यावर ती मुलगी घरी आली. वहीच्या कागदावर सगळ्या वर्गाची नावं, हजेरीच्या क्रमाने. सरांना बघायला येणारे. वर लिहिलंय, कधी निघायचं ते कळवा.
उद्या सांगतो म्हटलं तर म्हणते, “बसते मी. बाई म्हनल्या उत्तर घेऊनच ये.”
वहिनीने तिला पाणी दिलं. मग स्वतःही ओट्यावर तिच्या शेजारी बसली. मी आत येऊन हे लिहितोय. बाहेर दोघी दाराकडे बघत बसल्यात.