मागच्या खोलीतील डहाणू–तलासरी रेल्वेबाबत

मी, हिरकणी रतन सावे, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार मौजे नरपड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. पुढची कलमे वाचून कोणास शंका आलीच, तर त्याने सोबत जोडलेला डॉक्टरांचा दाखला पाहावा. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट आयुष्यभर मीच इतरांवर दबाव आणत आले. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी माझ्या अंत्ययात्रेसाठी घोषणा लिहून दिल्या होत्या. त्या आता मलाच ऐकवत नाहीत.

कलम १. माझ्या वाट्याचे घर आणि चिकूची वाडी माझा पुतण्या जतीन, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा (पुतण्या नव्हे, भाचा, शाळेत मी भूगोल शिकवत असे, नाती नव्हे), व त्याची बायको दिशा यांना समान हक्काने मिळावी. जतीन माझ्या प्रत्येक सभेला आला आणि शेवटच्या रांगेत झोपला. झोपला तरी आला, याची नोंद व्हावी.

कलम २. माझी सर्व पुस्तके तलासरीच्या ज्या शाळेत मी शिकवले त्या शाळेला द्यावीत. समासात मी लेखकांशी पेन्सिलीने वाद घातले आहेत, ते खोडू नयेत. बहुतेक ठिकाणी लेखकाचेच बरोबर आहे, हे मुलांना आपोआप कळेल.

कलम ३. माझा माईक माझ्या सभांची व्यवस्था पाहणारे श्री. सुनिलभाऊ यांना द्यावा. एका सभेत मी मुद्द्यावर येत असतानाच त्यांनी माईकची वायर काढली होती. म्हणून माईक वायरशिवाय द्यावा. त्या दिवशी मी मुद्द्यावर दीड तास येत होते, असे ते अजून सांगतात. त्याला माझी हरकत आहे, पुरावा नाही.

कलम ४. आता मुख्य मिळकत.

तलासरीला रेल्वे नाही. महामार्ग आहे, बस आहे, गुजरातची हद्द हाकेवर आहे, पण रूळ नाही. डहाणूहून तलासरीला फाटा काढा, ही माझी मागणी माझ्या तरुणपणापासूनची. त्याच भाषणात दुसरी मागणी असे: रेल्वेसाठी एकाही घराची एक वीट हलू देणार नाही! या दोन्ही गोष्टी एकाच निवेदनात कशा बसतात, हे मला कोणी विचारले नाही, कारण मी कोणाला मध्ये बोलू दिले नाही.

पुढे घसा बसला. डॉक्टरांनी बोलणे बंद करायला सांगितले. गावाने डॉक्टरांचे आभार मानले. हाताला काहीतरी हवे म्हणून मी खेळण्यातल्या रेल्वेवरची पुस्तके मागवली, आणि सरकारने जे केले नाही ते मागच्या खोलीत, प्लायवूडवर, स्वतः करायचे ठरवले.

मदतीला शुक्रा हाल्या वरठा आला. हा तलासरीचा, माझ्या सभांत पहिली घोषणा देणारा. सुतारकाम त्यालाही येत नाही, मलाही नाही. त्यामुळे आमच्यात मतभेद झाले नाहीत. चिकूच्या पेट्यांवर फळ्या ठोकल्या, थर्माकोलचे डोंगर केले, वापरलेली चहापूड वाळवून माती म्हणून पसरली. रूळ जोडले, सांधे बसवले, बोर्ड रंगवले: डहाणू, नरपड, तलासरी.

मग समुद्र रंगवायची वेळ आली. इथे माझे वक्तृत्व आडवे आले. व्यासपीठावर उभे राहून मला एक सवय लागली आहे. डावी-उजवी मी नेहमी समोरच्या श्रोत्यांची सांगते, माझी नाही. फळीच्या मुंबईकडच्या टोकाला उभे राहिले की समुद्र डावीकडे येतो. पण तोंडातून सवयीने निघाले, "समुद्र उजवीकडे!" समोर श्रोते नव्हते. शुक्रा माझ्या शेजारी उभा होता, तोही ब्रश घेऊन. मी चहा प्यायला गेले. परत येईपर्यंत निळा ऑइलपेंट लागला होता.

तलासरी स्टेशन भर किनाऱ्यावर, आणि आमचे नरपड डोंगरात.

"शुक्रा, हे काय केलंस?"

"तुमीच बोलल्या ना बाई, उजवीकडं. मी कदी तुमचा शब्द मोडला?" मग तो खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. "पन राहू द्या. आमच्या तलासरीला दर्या भेटला. कोन देतो असा?"

जतीन दारातून म्हणाला, "आणि आपण डोंगरावर? आत्या, चिकू तिथे लागतील का?"

"इतकी वर्षं आमी बघतो डोंगरावरून," शुक्रा म्हणाला, "आता तुमी बघा."

माझ्या कोणत्याही भाषणात इतके नेमके वाक्य नव्हते. समुद्र तसाच राहिला.

ही रेल्वे शुक्राची आहे. ती तलासरीला जावी, अशी माझी इच्छा आहे. अडचण एवढीच की ती खोलीबाहेर जात नाही. गेल्या दिवाळीत आम्ही ती उचलून पाहिली. जतीनने दाराशी सगळे प्रकार केले.

"आत्या, आडवी नाही, उभी नाही, तिरकीपण नाही."

"मंग आत कशी आली?" शुक्राने विचारले.

"आत आली नाही," मी म्हणाले, "आतच झाली."

"करवत आना. बीचमदून कापू, तिकडं जाऊन चिकटवू."

जतीनने खडूने रेघ मारली. कापायला सोयीची जागा एकच होती, डहाणू आणि तलासरीच्या मधली. डोंगराचे आणि किनाऱ्याचे नाते जोडा, असे सांगत मी घसा घालवला. आता त्याच जागी करवत फिरवायला हो म्हणू? मी नाही म्हणाले. इतक्या मोठ्याने, की डॉक्टरांची मेहनत वाया गेली.

"मग एकच राहतं आत्या," जतीन म्हणाला, "भिंत." आणि त्याने माझ्यासारखे बोट वर करून, माझ्याच आवाजात म्हटले, "रेल्वेसाठी एकाही घराची एक वीट हलू देणार नाही!"

दिशा हसू दाबत स्वयंपाकघरात गेली. शुक्राने मात्र सवयीने "जिंदाबाद" म्हटले.

त्या दिवसापासून मी या कलमावर अडले आहे. जतीनला त्या खोलीत एसी लावून मुंबईचे पाहुणे उतरवायचे आहेत. उद्या खोली त्याची, भिंत त्याची, हरकत योग्य. माझ्या भावंडांत अजून बोलचाल आहे. माझ्यामागे रेल्वेच्या फळीवरून ती तुटायला नको. म्हणून पूर्ण विचारांती लिहिते:

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर मागच्या खोलीची वाडीकडची भिंत पाडावी. मात्र आधी पुनर्वसन, मग प्रकल्प. माझ्या बँकेतील ठेवीतून जतीनला प्रथम नव्या भिंतीचा आणि मोठ्या खिडकीचा खर्च द्यावा, आणि रक्कम हातात पडल्यावरच पहिली वीट काढावी. एसी त्याने स्वतःच्या पैशाने लावावा. मोबदल्यात चैन बसत नाही, हे मी शेकडो लोकांना समजावले आहे.

कलम ६. शोकसभा घ्यायचीच तर भिंत पाडण्यापूर्वी त्याच खोलीत घ्यावी. गाडी डहाणूहून सुटून तलासरीला पोहोचेपर्यंत प्रत्येकाने बोलावे, पोहोचली की बसावे. ही अट मी कधी पाळली नसती. सुनिलभाऊंना दोन फेऱ्या द्याव्यात.

कलम ७. त्यानंतर फळी अखंड, टेम्पोतून, डहाणू, चारोटी आणि पुढे महामार्गाने शुक्राच्या घरी न्यावी. त्याच्या घराचे दार मी स्वतः जाऊन मोजून आले आहे. फळी जाते.

अशा रीतीने तलासरीला रेल्वे येईल. ती टेम्पोने आली, आणि तिच्यासाठी माझेच घर पाडावे लागले, हे भाषणात कोणी सांगू नये. बाकी ठिकाणी खुशाल सांगावे.

मृत्युपत्राची अंमलबजावणी अ‍ॅड. संगिता यांनी करावी. शुक्राला साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे त्या म्हणाल्या. तो म्हणाला, "मंग गाडी राहू द्या, मी सही करतो." त्याला बाहेर ओट्यावर बसवले आहे. शेजारच्या निर्मलाताई हे सगळे मोठ्याने वाचत आहेत, आणि प्रत्येक कलमाला बाहेरून "जिंदाबाद" ऐकू येत आहे.

वाचून पाहिले, बरोबर आहे. कलम १ मधली चूक राहू द्यावी. खाडाखोड केली तर माझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

(सही) हिरकणी रतन सावे

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणारीने सही केली व तिच्यासमक्ष आम्ही केली:
१. (सही) निर्मला, शेजारी, नरपड
२. (सही) डॉ. प्रविण, डहाणू. घशाला विश्रांतीची गरज आहे.

ठिकाण: नरपड, मागची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५